पदकाच्या कडेवरचं नाव

१८ ऑगस्ट, सोमवार

ही डायरी खताच्या दुकानवाल्यानं वीरेंद्रभाऊले देली अन् वीरेंद्रभाऊनं मले. वीरेंद्रभाऊ म्हणजे मोहाडीच्या तहसिलीसमोरच्या झेरॉक्स दुकानाचे मालक, अन् मी तेथची एकुलती एक नोकर. म्हणे, "गुड्डे, कोणाचा अर्ज कधी भरला ते यात लिहत जा." आठ महिने मी यात मिशा काढल्या. दर पानावर एक हासरा शेतकरी आहे अन् त्याची बायको. बायकोलेही काढल्या. आजपासून खरंच लिहते.

आज यादोराव आबाजी आले. आमच्याच गावचे, शहात्तर वर्षांचे, फौजेतून नायक म्हणून रिटायर. डाव्या पायानं लंगडतात. ते म्हणतात एकाहत्तरच्या लढाईत तोफेच्या गोळ्याचा तुकडा लागला. गाव म्हणते मोहाच्या झाडावरून पडले, अन् तेव्हा मोहाची फुलं झाडावर होती का आबाजीच्या पोटात, यावरून पारावर अजून भांडण होते. त्यायची चाल मी अशी करते का साऱ्या तालुक्यात तोड नाही. बारावीत इंग्रजीनं मले दोनदा पाडलं, पण गॅदरिंगले ह्याच चालीवर पहिला नंबर भेटला होता.

आज ते खऱ्या चालीनं आले अन् पिशवीतून डिस्चार्ज बुक काढलं. फौजेतून सुटताना भेटते ते. माणसाचा सारा जन्म त्यात लिहला असते.

"गुड्डी, यात मेडल किती लिहले पाह्य."

"दोन."

"अन् हे?" शर्टावर बुढ्यानं तीन लावून आणले होते.

"तीन."

"तं एक कुठं गेलं?"

"आबाजी, देवाशपथ मी नाही घेतलं."

हासले नाहीत. मंग सांगतलं. ग्रामपंचायत शाळेच्या भिंतीवर फरशी लावून राहिली, गावातल्या फौजींची नावं अन् मेडलं कोरून. सव्वीस जानेवारीले उद्घाटन. सरपंच म्हणते, पुस्तकात जे असन तेच कोरू. अन् पुस्तकात पराक्रम पदकच नाही. ते लढाईत जखमी झाला त्यालेच भेटते. म्हणजे फरशीवर आबाजीचा पाय मोहाच्या झाडावरूनच पडन.

"मले ते पुस्तकात लिहून पायजे," ते म्हणाले. "मी मेल्यावर कोणी झाडाचं नाव नाही घेतलं पायजे."

म्हटलं, "आबाजी, अर्ज मी ठोकते. तुमी फक्त सही करा."

२१ ऑगस्ट

अर्ज लिहला. फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसले. मी लिहलं होतं, "आमचे आबाजी खोटं बोलत नाहीत." वीरेंद्रभाऊनं ते काटून "सविनय सादर" केलं.

आबाजीच्या फोनात नंबर सेव्ह करून देले. त्यायले पाच नंबर पायजे होते. बायको, पोरगा, डॉक्टर, गॅस अन् एक महाप्रसाद. म्हटलं केटरर असन, बुढ्याले भंडाऱ्याचा शौक दिसते. "नाव सांगा ना त्याचं." तं म्हणे, "महाप्रसादच लिह. दर रविवारी लावतो."

लिहलं. मले काय.

२३ सप्टेंबर

महिना झाला, काही लिहलं नाही. सातबाऱ्याची गर्दी होती.

उत्तर आलं! एवढ्या लवकर सरकारचं उत्तर मले पहिल्यांदा दिसलं. वीरेंद्रभाऊनं इंग्रजी वाचून सांगतलं. आमच्या नोंदीप्रमाणे तुमी जखमी झालेच नाहीत. तुमचं म्हणणं वेगळं असन तं त्याच तुकडीतल्या माणसाचं शपथपत्र पाठवा, अन् पदकाचा फोटो.

आबाजी बराच वेळ काचेवर बोट घासत राहिले. "जखमी झालोच नाही," म्हणाले. मंग पदक काढून देलं फोटोले, अन् म्हणाले, "फक्त समोरून काढ." हे दोनदा सांगतलं.

मले कोणी एकच गोष्ट दोनदा सांगतली का हात शिवशिवतात.

२४ सप्टेंबर

पदक माझ्याजवळच राह्यलं होतं. समोरून काढलं. मांगून काढलं. मंग कडेवर उभं ठेवलं अन् मोबाईलनं मोठं करून पाह्यलं. कडेवर बारीक बारीक इंग्रजी कोरलेली. आधी नंबर, मंग नाव. दुकानात दिवसभर आधारवर नावं वाचून वाचून नावापुरती इंग्रजी येते मले.

यादोराव नाही. भैय्यालाल.

नंबरही आबाजीचा नाही, पुस्तकाशी लावून पाह्यला.

माय वो! बुढा दुसऱ्याचं मेडल लावून फिरून राहिला पन्नास वर्षांपासून! अन् वरून मलेच अर्ज लिहाले लावला.

संध्याकाळी आबाजी आले तं मी एकदम भोळं तोंड करून विचारलं, "आबाजी, हा भैय्यालाल कोण हो?"

त्यायनं दोन्ही कानांवर हात ठेवले. पाच वर्षांच्या पोरावानी. पदक उचललं अन् निघून गेले. छत्री विसरून गेले.

एवढी खुन्नस! दुश्मनाचं नावही ऐकून घेत नाही. म्हणजे चोरीचीच गोष्ट आहे. आपल्याले तं मजा आली. जराशी नाही, चांगलीच आली.

२७ सप्टेंबर, शनिवार

काल झोपताना डोक्शात आलं का माजी सैनिकांच्या मेळाव्याची यादी आमच्याच दुकानात छापली होती. सकाळी जुन्या फाईलीत शोधली. सापडली. भैय्यालाल, मु. एकोडी, ता. साकोली, समोर मोबाईल नंबर.

वीरेंद्रभाऊ चहाले गेले अन् मी दुकानाच्या फोनवरून लावला. आवाज जाड केला.

"हॅलो, भैय्यालालजी? मैं रेकॉर्ड ऑफिस से कर्नल मॅडम बोल रही हूँ."

पलीकडून टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"आपका एक मेडल मोहाडी में एक आदमी के पास पकडा गया है. पैचान करने आना पडेगा."

मले वाटलं बुढा खपला. मंग म्हणे, "जय हिंद, मॅडम. कब आना है?"

"सोमवार, ग्यारह बजे. तहसील के सामने झेरॉक्स की दुकान में."

कर्नलचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानात! फोन ठेवल्यावर मी टेबलाखाली बसून हासली. मंग एक बाई आली जातीच्या दाखल्यासाठी, तिले पाहूनही हासली.

आता मात्र हासू येत नाही. सोमवारी दोघं दुकानात भिडले अन् एखाद्याचं काही झालं तं? सत्तरीच्या वरचे आहेत दोघंही. काठ्या असतात त्यायच्याजवळ. आबाजीले उद्या सांगून टाकू का? नाही सांगत. बिचारा एकोडीवाला, त्याचं मेडल त्याले भेटलं पायजे का नाही? मी न्याय करून राहिली. हे मी चारदा म्हटलं मनात.

२९ सप्टेंबर

सारं लिहते, हात दुखला तरी.

अकराले दहा कमी होते तं एक उंच बुढा दुकानात आला. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, हातात डब्बा. साकोलीवरून बस बदलून आला होता. मले पाह्यलं अन् म्हणे, "कर्नल मॅडम कुठी आहे?"

"बाहेर गेल्या," म्हटलं.

"बरं. मी बसतो." अन् बसला.

पाचच मिनिटांनी आबाजी आले, छत्री न्याले. दारात थांबले. मी झेरॉक्स मशीनच्या मांगं झाली. वीरेंद्रभाऊले खूण केली का काठी धरजा.

आबाजी म्हणाले, "महाप्रसाद!"

तो बुढा उठला. "महाप्रसाद!" म्हणाला.

अन् दोघं एकमेकाच्या गळ्यात. डब्बा मधात चेपून राहिला होता, त्यातून अनारशाचा तुकडा पडला खाली.

म्हणजे तो केटरर नव्हता! आबाजी दर रविवारी फोन लावत तो हाच, भैय्यालाल.

मंग मी विचारलं, तं भैय्यालाल आबाजीच बोलले. एकोडी हे यादोराव आबाजीचं आजोळ. लहानपणी दोघायनं तिथं महाप्रसाद बदलला होता. म्हणजे जगन्नाथाचा प्रसाद एकमेकाच्या तोंडात टाकायचा. त्या दिवसापासून ते सख्ख्या भावापेक्षा जवळचे, पण एकमेकाचं नाव तोंडातून काढायचं नाही. कधीच नाही. कोणी दुसऱ्यानं घेतलं तरी ऐकून घ्यायचं नाही, म्हणून त्या दिवशी कानावर हात. फौजेत भरती झाले तेही दोघं संगच, एकाच पलटनीत.

"मंग लढाईत याच्या मांडीले तुकडा लागला," भैय्यालाल आबाजी म्हणाले. "मी पाठीवर घेऊन डॉक्टरच्या तंबूत आणला. हा बेहोश. गळ्यातला नंबरचा बिल्ला कुठं तरी पडला. तिथं एक बाबू लिहून राहिला होता, मांगं जखमींची रांग. तो मले म्हणे, 'नाम?' मी म्हटलं, 'मेरा भाई है.' तो म्हणे, 'नाम बोल!' मी म्हटलं, 'भंडारा जिल्ह्याचा आहे.' तो ओरडला, 'अबे, नाम बोल, मर जाएगा!'"

"मंग?"

"मंग मी माझंच नाव सांगतलं."

वीरेंद्रभाऊनं दोन्ही हात डोक्शाले लावले. "अगा बाबा! एवढं होऊन राहिलं अन् तुमी नाव नाही घेतलं?"

"महाप्रसादाचं कसं घेईन?" तो बुढा असा बोलला जसं वीरेंद्रभाऊनंच काही येड्यावानी विचारलं.

म्हणून कागदावर भैय्यालाल जखमी झाला. तीन वर्षांनी पराक्रम पदक भैय्यालालच्याच नावानं आलं, अन् त्यायनं आणून यादोराव आबाजीच्या हातात ठेवलं. खोटं नाव सांगतलं म्हणून कोर्ट मार्शल होईन, या भेवानं दोघंही चूप बसले. लढाईत बावीस वर्षांचे पोट्टे होते.

"पलटनीत साऱ्यायले माहीत होतं," यादोराव आबाजी म्हणाले. "फक्त कागदाले माहीत नव्हतं."

जाताना भैय्यालाल आबाजी माझ्याजवळ आले. म्हणे, "कर्नल मॅडमले सांगजो, फोनवर तिच्या मांगं कोणी तरी म्हणत होतं, आधार दोन्ही बाजूनं काढा."

मी मेली.

"मंग तुमी आले कायले?"

"चौपन वर्षांपासून वाट पाहून राहिलो होतो का कोणी तरी बोलवन," ते म्हणाले. "तू बोलावलं."

६ ऑक्टोबर

आज शपथपत्र. मी टाईप केलं, वीरेंद्रभाऊनं तपासलं. 'मी भैय्यालाल, शपथेवर लिहून देतो की जखमी मी नव्हतो, यादोराव होता, नाव चुकीनं माझं लागलं.' भैय्यालाल आबाजीनं सही केली. लिहलेल्यावर सही करायले हरकत नाही म्हणे, तोंडातून काढाचं नाही फक्त. त्यायले कोर्ट मार्शलचं विचारलं तं म्हणे, "ह्या वयात फौज मले पकडाले आली तं चहा पाजीन."

तहसिलीत नायब तहसीलदार साहेब नवीन आहेत, पुण्याकडचे. बोलायले गोड, पण नियमाचे पक्के. मांगच्या महिन्यात कोणी तरी एका बुढीकडून न वाचताच सही करून घेतली होती, तवापासून ते दरेकाले तोंडी विचारतात.

"बाबा, कागदावर काय लिहिलंय ते मला सांगा. जखमी कोण झालं होतं?"

"हा." यादोराव आबाजीकडं बोट.

"नाव सांगा."

भैय्यालाल आबाजीनं बोट अजून जरा पुढं केलं.

"बाबा, नाव."

"माझा भाऊ आहे, साहेब."

"सख्खा?"

"त्याच्यापेक्षा जास्त."

"मग नाव माहीत असेलच की."

मी म्हटलं, "साहेब, तुमीच नाव घ्या, ते हाव म्हणतीन."

"नाव मी घेतलं तर साक्ष माझी झाली, त्यांची नाही," साहेब म्हणाले. खरंच होतं त्यायचं. मी सारं समजावलं, महाप्रसाद वगैरे. साहेबायनं नीट ऐकलं, चष्मा पुसला, म्हणाले, "मला आदर आहे. पण शिक्का नाही मारता येणार."

भैय्यालाल आबाजीनं तोंड उघडलं. खरंच घेणार होते नाव, मी पाह्यलं. अन् यादोराव आबाजीनं कागद टेबलावरून ओढला.

"नाही पायजे," म्हणाले. "चाल, महाप्रसाद."

बाहेर वडाखाली दोघं भांडले. भांडतानाही नाव नाही!

"मी घेतो ना नाव. माझ्यानं झालं, मीच मिटवतो."

"मेडलासाठी तुझं तोंड बाटवू? ठेव तुझं मेडल."

"ते माझं नाही!"

"मंग कोणाचंच नको."

शेवटी एक साकोलीच्या बसमधी, एक गावच्या ऑटोमधी. अर्जाचे बारा वाजले.

७ ऑक्टोबर

काही नाही. निकेश म्हणून शेजारचा पोट्टा दुकानासमोर आबाजीची चाल करून राहिला होता, माझ्याचकडून शिकला. मी पाण्याची बाटली फेकून मारली. लागली. काहून मारली माहीत नाही. माझा मूड नव्हता.

आपल्याच गमतीनं हे सुरू झालं असं वाटून राहिलं. आधी बुढा तीन मेडलं लावून खुश होता.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज शकुनबाई आल्या, बँकेच्या केवायसीचा फॉर्म घेऊन. साठीच्या आहेत. विचारलं, "मावशी, नवऱ्याचं नाव?"

लाजल्या. "तूच लिह ना. तुले माहीत आहे."

"मले माहीत आहे पण बँकेले सांगा लागन. बोला."

तं त्यायनं पदर सावरला, मांगं रांगेत आठ लोक, अन् एकदम सुरू:

"केवायसीच्या कागदाले चिकटवला फोटो,
धनंजयरावांचं नाव घेते, म्हातारा माझा मोठो!"

सारं दुकान हासलं. 'मोठो' हे कोण्या मराठीत बसते माहीत नाही, पण नाव आलं. अन् मी पेन तोंडात धरून तशीच उभी राह्यली.

उखाणा! बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण उखाण्यात घेतलं तं चालते. चालते काय, लग्नात जबरदस्तीनं घेवाले लावतात.

वीरेंद्रभाऊ म्हणे, "गुड्डे, बुढे मारतीन तुले."

मी आबाजीच्या घरी पळाली. आबाजी वावरात गेले होते. चंद्रभागाबाई, म्हणजे त्यायची बायको, अंगणात भाजी निवडून राहिली होती. तिले विचारलं, "आजी, महाप्रसादाचं नाव उखाण्यात घेतलं तं बाटते का?"

आजीनं दोन मिनिटं विचार केला. भाजी निवडतच.

"मी साठ वर्षांपासून ह्या बुढ्याचं नाव उखाण्यातच घेऊन राहिली," म्हणे. "अजून जितं आहे. बाटन कसं? उखाण्यात घेतलं तं आयुष्य वाढते."

"पण ते माणूस आहेत."

"मंग काय झालं? माणसाले आयुष्य नको?"

निकाल लागला. मी तिथूनच एकोडीले फोन लावला, ह्या खेपी माझ्याच आवाजात.

भैय्यालाल आबाजी आधी भडकले. "मी त्याची बायको आहो का?"

"नाही. पण चंद्रभागा आजीनं पास केलं."

"वहिनीनं केलं?"

"हाव."

"मंग लिहून ठेव. उद्या येतो. त्याले सांगू नको."

रात्रभर नाही, पण रात्री जेवतपर्यंत उखाणे जुळवले. बारा लिहले. अकरा फाडले. एकात तोफ अन् सोफ, साहेब म्हणतीन हे काय.

९ ऑक्टोबर

आबाजीले सांगतलं का आधार अपडेट करायचं आहे, तहसिलीत या. आले. भैय्यालाल आबाजीले पाहून दारातच थांबले, आत आलेच नाहीत.

साहेब म्हणाले, "बोला बाबा. जखमी कोण झालं होतं? नाव घ्या."

भैय्यालाल आबाजी सावधानमधी उभे राह्यले. टाचा जोडल्या, चपलेचाच आवाज आला पण आला. वर पंख्याकडं पाह्यलं, अन् अख्ख्या कचेरीले ऐकू जाईन असं म्हटलं:

"मोहाडीच्या कचेरीत खुर्च्या मांडल्या चार,
यादोरावचं नाव घेतो, जखमेचा तोच हकदार!"

पहिले चंद्रकांताबाई, तेथची शिपाई, तिनं टाळी वाजवली. मंग उताऱ्याच्या रांगेतल्यायनं. एक जण ओरडला, "अजून एक!"

साहेबांच्या हातात पेन तसंच. "हे... नोंदवायचं कसं?"

म्हटलं, "जसंच्या तसं, साहेब."

त्यायनं तसं नाही लिहलं, नावच लिहलं. पण लिहताना ओठ हालून राहिले होते, म्हणजे पाठ करून राहिले होते. "वडिलांचं नाव?"

"ते बिना उखाण्याचं सांगतो," भैय्यालाल आबाजी म्हणाले.

शिक्का बसला. मी मांगं वळून पाह्यलं तं यादोराव आबाजी दारात नव्हते. बाहेर भिंतीकडं तोंड करून उभे. तिथं उष्माघाताची जुनी नोटीस चिकटवली आहे, ती वाचून राहिले होते. दहा मिनिटं वाचली. ऑक्टोबरात उष्माघाताचं एवढं काय वाचाचं? अन् चष्मा तं खिशातच होता.

"आबाजी, झालं काम," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले, अन् नाक शिंकरलं. धानाची कापणी जवळ आली का त्यायले सर्दी होते वाटते.

२ डिसेंबर

रेकॉर्ड ऑफिसचं पत्र. शपथपत्र भेटलं, तपास सुरू, दोघायचेही असली डिस्चार्ज बुक अन् ते पदक पाठवा. नवीन पदक नंतर, योग्य नावानं येईन.

पुस्तक पाठवाचं म्हटलं तं दोघंही पोरगी सासरी पाठवल्यावानी करून राहिले होते. पदक भैय्यालाल आबाजीनं चिंचेनं घासून चकचकीत केलं. म्हणे, मैलं जायले नको, त्यावर माझं नाव आहे. मी पाकीट बांधलं, तीन ठिकाणी टेप लावला, तरी यादोराव आबाजीनं स्वतः पुन्हा दोरी बांधली. फौजी गाठ. पोस्टातल्या बाबूले ती सुटली नाही तं आत काय आहे ते कसं पाहू म्हणे.

पोस्टाच्या पायऱ्या उतरताना आबाजीचा पाय जरा अडखळला. मी हात देला. घेतला त्यायनं. आधी कधी कोणाचा घेत नसत.

२० जानेवारी

जुनी डायरी संपली, शेवटच्या 'टिपणे'च्या पानांवर लिहून राहिली. तिथं शेतकरी नाही, मिशांचा सवाल नाही.

पुस्तकं आली! दोन पाकिटं, एकाच दिवशी. भैय्यालाल आबाजीले फोन केला तं ते दुसऱ्या बसनं हजर.

यादोराव आबाजीचं मी उघडलं. दोन मेडलांच्या खाली तिसरी ओळ, नव्या शाईची. पराक्रम पदक. बाजूले साहेबाची सही, शिक्का, तारीख. मी वाचून दाखवलं. त्यायनं पुन्हा वाचाले लावलं. चंद्रभागा आजीही आली होती, तिलेही वाचून दाखवलं.

आजी म्हणे, "म्हणजे झाड नाही?"

"नाही आजी. सरकार म्हणते गोळाच."

"मी कुठं म्हटलं झाड?" आजी म्हणे. "झाड गाव म्हणते. मी चौपन वर्षं त्या मांडीले तेल लावून राहिली, मले कागद पायजे का?" अन् पदरानं पुस्तकावरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

म्हटलं, "आबाजी, चाला, सरपंचाले दाखवू. फरशीचं काम आज सांगतलं तं सव्वीसले होईन."

"फरशी?" जसं पहिल्यांदाच ऐकलं. "हाव, ते... तू देऊन ये एक झेरॉक्स. महाप्रसाद, तुझं दाखव."

भैय्यालाल आबाजीचं पुस्तक. त्यायची मेडलं सात. पाचव्या ओळीवर लाल शाईनं आडवी रेघ, स्केल लावून, बाजूले 'रद्द' अन् तीच सही, तीच तारीख. मले भेव वाटलं, बुढ्याले वाईट वाटन म्हणून. पण ते तं त्या लाल रेघेवरून बोट फिरवून राहिले होते, पुढून मांगं, मांगून पुढं, अन् दात नसलेल्या बाजूनं हासून राहिले होते.

"लॅमिनेशन होते का याचं?" म्हणे.

"असली पुस्तकाचं नाही होत, आबाजी. झेरॉक्सचं करून देते."

मंग मी दोन्ही पुस्तकं काचेवर बाजूबाजूले ठेवली, एका बाजूले वाढलेली ओळ, एका बाजूले कटलेली. झाकण दाबलं. दोघायची पानं एकाच कागदावर आली. रंगीत काढली, लाल रेघ दिसली पायजे म्हणून. वीरेंद्रभाऊनं रंगीतचं काही म्हटलं नाही, ही मोठी गोष्ट.

तोपर्यंत भैय्यालाल आबाजी गायब. पाहते तं समोरच्या हॉटेलातून पेढ्याचा डब्बा घेऊन येऊन राहिले. दुकानात वाटले, रांगेत वाटले, निकेशले दोन देले. मंग तहसिलीत घुसले. मीही मांगं गेली, यादोराव आबाजीही, आपल्या चालीनं.

नायब साहेबांच्या टेबलावर डब्बा उघडला.

"कशाचे पेढे, बाबा?" साहेबायनं विचारलं. "मेडल मिळालं वाटतं?"

"नाही साहेब," भैय्यालाल आबाजी छाती काढून म्हणाले. "माझं एक कटलं!"

साहेबायनं दोन पेढे घेतले.